गोठलेल्या सरोवरावरची वर्गणी



मासे पकडून कर्करोग्यांना मदत करता येते, असे कुणी सांगितले तर आपण त्याच्याकडे थोड्याशा संशयानेच पाहू. त्यातून ते मासे गोठलेल्या सरोवराच्या पाठीवर बसून, बर्फाला भोक पाडून पकडावयाचे आहेत असे कळले, म्हणजे तर हा थंडीने भ्रमिष्ट झालेल्या माणसांचा उद्योग असावा, असेच वाटेल. परंतु अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ह्या राज्यांत आणि सीमेपलीकडे कॅनडात ऐन हिवाळ्यात असे मेळे खरोखरच भरतात, आणि त्यांपैकी कित्येकांचे उत्पन्न कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते. आज त्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

मिनेसोटा हे सरोवरांचे राज्य. दहा एकरांहून मोठी सरोवरे मोजली तर ती ११,८४२ भरतात. बेळगावच्या पौषातील पहाटेला आपण कडाक्याची थंडी म्हणतो. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरला तरी कुणी त्याची बातमी करीत नाही. अशा थंडीत सरोवरांवर बर्फाचे झाकण बसते. त्या झाकणाखाली मासे जिवंत कसे राहतात, हा प्रश्न आमच्या वर्गातील मुले दर वर्षी विचारतात, आणि तो प्रश्न विचारण्याजोगाच आहे. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे तो तरंगत राहतो आणि खालच्या पाण्याला पांघरुणासारखा उपयोगी पडतो. तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी, आणि त्यात मंदावलेले पण भुकेले मासे, अशी ही सृष्टीची व्यवस्था आहे.

एकट्या माणसाला पायी चालण्यास चार इंच जाडीचा, स्वच्छ, निळसर बर्फ पुरतो, असे तेथील सरकारी खाते सांगते. लहान मोटार न्यावयाची तर नऊ-दहा इंच तरी हवा, आणि जड गाडीला त्याहून अधिक. पांढरा, हिममिश्रित बर्फ मात्र विश्वासाचा नव्हे. त्याची जाडी दुप्पट असावी लागते. म्हणून जाणती माणसे पावलागणिक बर्फ ठोकून पाहतात. मग मोठ्या गिरमिटाने आठ-दहा इंच रुंदीचे भोक पाडावयाचे (बारा इंचांहून रुंद भोक पाडण्यास मिनेसोटाचा कायदा परवानगी देत नाही), पाण्यावर पुनःपुन्हा धरणारी बर्फाची साय झाऱ्याने काढून टाकावयाची, आणि हातभर लांबीच्या काठीने आमिष खाली सोडून बसावयाचे. आपल्याकडे भजी तळणाऱ्याच्या हाती असतो, तसाच तो झारा असतो! कुणी आडव्या लाकडाला लहानसे निशाण बांधून ठेवतो; मासा लागला की निशाण ताडकन उभे राहते. वॉलाय, पाइक, पर्च हे तेथील आवडीचे मासे. हौशी लोक तर बर्फावर लाकडी खोपटी ओढून आणतात आणि आत शेगडी पेटवून दिवसचे दिवस काढतात.

हा जो एकट्याने बसण्याचा छंद, त्याचा मेळा कसा होतो हे पाहावयाचे असेल तर ब्रेनर्ड गावाजवळच्या गल सरोवराचे उदाहरण घ्यावे. तेथे १९९१ मध्ये जेसीज ह्या तरुणांच्या सेवासंस्थेने धर्मादाय स्पर्धा सुरू केली. दुपारी बारा ते तीन, असा तीनच तासांचा खेळ. परंतु त्यासाठी दहा हजारांच्या आसपास माणसे एका उपसागरावर जमलेली आहेत. स्वयंसेवकांनी आधीच हजारो भोके पाडून ठेवलेली असतात. हा निधी मुख्यतः बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या शिबिरसंस्थेला व इतर स्थानिक कार्यांना जातो, कर्करोगाला नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु तिकीट काढावयाचे, भोकाशी बसावयाचे, मासा तोलून घ्यावयाचा, व्यापाऱ्यांनी फुकट दिलेली बक्षिसे वाटावयाची आणि उरलेली रक्कम कार्याला द्यावयाची, ह्याच धर्तीचे कितीतरी लहान मेळे खेड्यापाड्यांतून कर्करोग्यांसाठी भरतात. त्यांना वृत्तपत्रांत ठळक मथळा मिळत नाही. पेट्रोलच्या पंपावर आणि किराणा दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो, एवढीच त्यांची जाहिरात. सरोवराकाठच्या सभागृहात गरम जेवण, एखादा लिलाव, सोडतीची तिकिटे, आणि टेबलावर पैशांची पेटी.

ह्या पैशाने काय होते? कर्करोगाच्या नावाने जमणाऱ्या पैशाच्या दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. एक पैसा संशोधनाला जातो. त्याचा इतिहास आपल्या नभोवाणीशी निगडित असल्यामुळे तो येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. बॉस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर हे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध शोधीत होते. २२ मे १९४८ रोजी एका लोकप्रिय अमेरिकन नभोवाणी कार्यक्रमाने त्यांच्या एका बालरुग्णाच्या खाटेपाशी ध्वनिक्षेपक नेला. मुलाचे खरे नाव सांगावयाचे नाही म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटले. त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू एकेक करून खोलीत शिरले आणि देशभर लोक कान देऊन ऐकत राहिले. वीस हजार डॉलर जमावेत अशी अपेक्षा होती. जमले २,३१,००० डॉलरांहून अधिक. तो मुलगा पुढे बरा झाला, मोठा झाला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, आपणच तो जिमी, असे जगाला कळू देता झाला. तोपर्यंत पुष्कळांनी त्याला केव्हाच मृत धरले होते!

बर्फावरचा पैसा बहुधा ह्या जातीचा नसतो. तो दुसऱ्या, अधिक गरीब जातीचा. त्यातून नवे औषध निघत नाही. त्यातून पेट्रोल निघते, घराचा हप्ता निघतो, मुलांच्या बुटांचे पैसे निघतात. ब्रेनर्डकडच्या माणसाला विशेष उपचारांसाठी रोचेस्टरच्या प्रसिद्ध मेयो रुग्णालयात जावयाचे म्हटले, तर अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. किरणोपचार म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे कित्येक आठवडे. एवढे दिवस राहावयाचे कुठे? काम सोडून सोबतीला बसणाऱ्या पत्नीचा पगार कोण भरून देणार? विमा असला तरी आधीचा काही खर्च रुग्णानेच सोसावा लागतो, आणि प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी ह्यांचा हिशेब औषधांच्या बिलात कधी येतच नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९७० मध्ये चार्ल्स्टन शहरी रुग्ण व त्याचा एक सोबती ह्यांच्यासाठी पहिले विनामूल्य निवासगृह उघडले. मिनेसोटातही तशी गृहे आहेत. ही गरज आपल्याला नवी नाही. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उघडले, आणि तेथे दूरदूरच्या गावांहून येणारे किती कर्करोगी व त्यांचे नातलग आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात! गाडगे महाराजांनी लोकांकडून पै पै जमवून धर्मशाळा बांधल्या, कारण आजारी माणसाला औषधाआधी पाठ टेकावयाला जागा लागते, हे त्यांनी रस्त्यावर पाहिले होते.

कुणी विचारील, मग सरळ पैसेच का देऊ नयेत? मासे, बक्षिसे, सोडत, हा खटाटोप कशाला? मलाही प्रथम हा आक्षेप पटण्यासारखा वाटला. परंतु थोडा विचार केला की त्यातील शहाणपण ध्यानी येते. धनादेश देतो तो ज्याला देणे परवडते तो. तिकीट घेतो लाकूड-वखारीतला मजूर, शाळेची गाडी चालविणारा चालक, आजोबांबरोबर आलेला नातू. आणि तिकीट घेणाऱ्याने भीक घातलेली नसते, त्याने खेळाचे मोल दिलेले असते. म्हणून घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. सोडतीत नशीब फळफळले, तर पहिलटकरालाही मोठे बक्षीस मिळते. शिवाय, हा रोग माणसाला एकटा पाडतो. शेजारीपाजारी दारावरून जाताना आवाज खाली आणतात, काय बोलावे ते सुचत नाही म्हणून भेटावयाचे टाळतात. बर्फावर मात्र काहीच बोलावे लागत नाही. दोघे शेजारी आपापल्या भोकाकडे पाहत तासभर गप्प बसले, तरी ती भेटच ठरते.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो तरुण आहे, ज्याची मुले लहान आहेत, ज्याला गाव ओळखते, त्याच्यासाठी सरोवर माणसांनी भरते. एखादी एकाकी, तिरसट म्हातारी त्याच रोगाने आजारी पडली, तर तिच्या नावाचा कागद पेट्रोलपंपावर कोण चिकटविणार? प्रेमाने दिलेले दान प्रेम असेल तेथेच पोहोचते. गरज मात्र प्रेम पाहून येत नाही. आणि जगातील अतिसंपन्न देशात रुग्णालयाची बिले भागविण्यासाठी गावाने गळ टाकून बसावे, ही गोष्ट गावाला भूषणावह असली तरी देशाला नाही. हे काम सरकारचे, विम्याचे, करांच्या पैशाचे आहे. मेळ्याचे संयोजकही हे जाणतात. पण बिल ह्या महिन्याचे असते आणि कायदा पुढच्या कधीतरीचा.

शिवाय बर्फाचा भरवसा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात नोंदी ठेवू लागल्यापासूनचा सर्वांत उबदार ठरला. पुष्कळ सरोवरांवर माणसांचा भार पेलण्याइतका बर्फ धरलाच नाही, आणि कितीतरी मेळे रद्द करावे लागले किंवा पुढे ढकलावे लागले. किरणोपचारांची तारीख पुढे ढकलता येत नव्हती.

बर्फ चांगला धरला, तर मेळ्याची संध्याकाळ अशी असते. तीन वाजले की भोंगा वाजतो. तोलाची रांग लागते. काही मासे पुन्हा पाण्यात सोडले जातात. सभागृहात पेटीतील नोटा मोजून स्थानिक बँकेच्या खात्यात भरण्यासाठी बाजूला ठेवल्या जातात. सरोवरावरील भोकांवर पुन्हा साय धरू लागते, आणि एखाददुसरा हट्टी माणूस, पदरी एकही मासा पडलेला नसताना, कंदील लावून झारा हाती घेऊन बसलेलाच असतो.