मारानाथा : एका शब्दाची साक्ष



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, मराठेशाहीचा इतिहास, माळव्यातली मराठी हे विषय वरचेवर येतात. आजचा विषय थोडा बाजूचा आहे, पण आपल्या शेजारातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले. डॉ. मार्गारेट ओहारा यांनी येथे बायकांसाठी दवाखाना चालवला. तेव्हापासून ख्रिस्ती कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्या धर्माविषयीची आपली माहिती मात्र बहुतांशी ऐकीव.

ऐकीव गोष्टींपैकी एक तर हल्ली चारचौघांत छातीठोकपणे सांगितली जाते. येशू हा साधा उपदेशक होता. त्याला देव ठरवले ते तीनशे वर्षांनी, कॉन्स्टन्टाइन सम्राटाने निकीयाच्या सभेत! 2003 साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने ही समजूत जगभर पसरवली. विद्यापीठांतले विद्वान इतके ढोबळ बोलत नाहीत. पण जर्मन पंडित विल्हेल्म बूसे यांनी 1913 साली असे मांडले की, येशूला ‘प्रभू’ म्हणून भजण्याची रीत त्याच्या यहुदी शिष्यांची नव्हे. ती पुढे ग्रीक बोलणाऱ्या नगरांत, तिथल्या इतर दैवतांच्या उपासनेच्या धर्तीवर उपजली. परंपरागत ख्रिस्ती श्रद्धा याच्या उलट सांगते. पहिल्या शिष्यांनीच येशूला प्रभू मानले, असे तिचे म्हणणे. या वादात माझे मत परंपरेच्या बाजूने आहे.

मी स्वतः वारकरी घरातला. कोणाला ख्रिस्ती करावे असा माझा हेतू नाही. पण शेजाऱ्याच्या श्रद्धेवर ‘ही मागाहून रचलेली’ असा आळ येत असेल, तर तो खरा की खोटा हे तपासून पाहणे शेजारधर्मात बसते.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांचे चित्पावन घराणे आपल्यासारखेच दक्षिणेतून येऊन उत्तरेत, बुंदेलखंडात स्थिरावलेले. जन्म 1825 चा, झाशीजवळचा, शिक्षण काशीत. मिशनऱ्यांचे खंडन करायचे म्हणून त्यांनी त्यांचे ग्रंथ हाती घेतले आणि 1848 साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ हिंदीत आहे, हेही आपल्याला ओळखीचे वाटावे. पुढे पुण्या-मुंबईत त्यांचा वाद झाला तो प्रार्थना समाजाच्या विचारांच्या मंडळींशी. येशूची नीती उत्तम, त्याचे देवपण मात्र नको, अशी त्या मंडळींची भूमिका होती. गोऱ्ह्यांचा प्रश्न थोडक्यात असा : दयाळू पित्यासारखा ईश्वर ही तुमची कल्पना ज्या मुळातून आली, ते मूळच तोडून फळ कसे टिकेल? विठूला माउली म्हणणाऱ्या मला त्यांचे हे सगळे म्हणणे पटत नाही. पण उपदेश आणि उपदेशक यांना असे सहज वेगळे करता येईल का, हा त्यांचा प्रश्न आजही बिनतोड आहे.

आता पुरावा पाहू. निकीयाची सभा भरली इ. स. 325 मध्ये. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, 112 च्या सुमारास, बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने ट्रेजन सम्राटाला पत्र लिहिले. हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असे तो कळवतो. हा माणूस त्यांना शिक्षा देणारा. त्याला त्यांचे कौतुक करण्याचे कारण नव्हते. तेव्हा निकीयाची कथा येथेच संपते. त्या सभेत वाद झाला तो पुत्र पित्याच्या बरोबरीचा कोणत्या अर्थाने, याचा. ख्रिस्ताची उपासना दोन्ही पक्ष आधीपासूनच करत होते.

बूसे यांचे म्हणणे याहून खोल आहे, म्हणून आणखी मागे जाऊ. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते 54-55 च्या सुमारास. हे पत्र पौलाचेच, यावर कडक चिकित्सकांचेही एकमत आहे. येशूला क्रुसावर चढवून तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती. पत्र ग्रीक, वाचणारे ग्रीक. तरी शेवटी पौल एक शब्द अरामी भाषेतच ठेवतो : मारानाथा. म्हणजे, आमच्या प्रभो, ये.

हा शब्द आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. आपल्या घरांतली मुले एकमेकांना निरोप धाडतात ते हिंदीत. पण त्यात ‘आजी’ येते, ‘आत्या’ येते, ‘हळदीकुंकू’ येते. दोनशे वर्षांनी कोणी तो निरोप वाचला, तर हे घराणे मुळात मराठी होते हे त्याला सांगावे लागणार नाही. देवघरातले आणि नात्यातले शब्द भाषा बदलली तरी बदलत नाहीत. करिंथकरांच्या तोंडी ‘मारानाथा’ आला तो अरामी बोलणाऱ्यांकडून, म्हणजे येशूच्या मायबोलीतून. ग्रीक नगरांत जन्मलेली प्रार्थना अरामीत कशाला राहिली असती?

यावर असे सुचवले गेले की, हा शब्द सिरियातल्या एखाद्या द्विभाषिक मंडळीत तयार झाला असेल. तसे धरले तरी काळ वीस-पंचवीस वर्षांच्या आतलाच राहतो. शिवाय पौल यरुशलेमात जाऊन पेत्राला आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटला होता. सुंतेवरून आणि पंगतीवरून या मंडळींत कडाक्याची भांडणे झाली; ती पौलाच्याच पत्रांत नोंदलेली आहेत. येशूला प्रभू म्हणण्यावरून भांडण झाल्याची खूण मात्र कुठे दिसत नाही. पंगतीवरून भांडणारे लोक देवावरून गप्प बसले, हे कोणाला पटेल?

आता आपल्याच घरचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लिहिले की, ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार हे दोन वेगळे ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे नाव नाही, अभंगांची भाषा वेगळी, ही त्यांची कारणे. महाराष्ट्र खवळला, पण अभ्यासकांनी पुरावे मांडून उत्तरे दिली आणि त्या निमित्ताने ज्ञानदेवांचा अभ्यास वाढला. तसेच, प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. म्हणून ज्ञानेश्वरी एकनाथांनी रचली असे कोणी म्हणेल का? मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रतींत नाहीत, हे ख्रिस्ती अभ्यासक स्वतःच सांगतात. आपल्या संतांना जो न्याय आपण लावतो, तोच शेजाऱ्याच्या ग्रंथाला लावला पाहिजे.

या पुराव्याची मर्यादाही सांगतो. येशू मेलेल्यांतून उठला, हे इतिहास सिद्ध करू शकत नाही. पहिल्यांपासून त्याचे अनुयायी तसे मानत होते आणि त्याला प्रभू म्हणत होते, एवढेच इतिहास सांगतो. पुढचे पाऊल श्रद्धेचे. ते टाकायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ‘मागाहून रचले’ हे कारण त्यासाठी पुढे करू नये.

श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात कशा नांदतात हे पाहायचे, तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात गोऱ्ह्यांच्या पत्रांचा वाटा मोठा होता. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. दुसऱ्याने सांगितले म्हणून त्यांनी काही मानले नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणले. 1922 साली त्या गेल्या. ग्रंथ 1924 साली केडगावात पुरा छापून निघाला.

हा ग्रंथ मराठीचाही ठेवा आहे. आपल्या ग्रंथालयात तो मिळवून ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवावा आणि करिंथकरांस लिहिलेले पत्र आपण एकदा स्वतः वाचावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.