घड्याळातला आकडा आणि धावण्याचा सराव

धावपटूंच्या मनगटावरचं घड्याळ ‘व्हीओटू मॅक्स’ नावाचा आकडा दाखवतं. जीव तोडून धावताना शरीर वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा हा अंदाज. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून तो थेट मोजतात. घड्याळ मात्र वेग आणि हृदयाचे ठोके यांच्या मेळावरून तो काढतं. त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात ठोके वाढले, की दम कमी झालेला नसतानाही आकडा घसरू शकतो. घड्याळात वय, वजन अचूक भरा, पट्टा घट्ट बसवा. रोजचा चढउतार सोडा, सहा-आठ आठवड्यांचा कल पाहा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तशाच हवेत ठोके पूर्वीपेक्षा कमी राहू लागले, तर सराव लागू पडतोय असं खुशाल समजा.