परका पासपोर्ट आणि गावाकडचं घर



आजचा विषय पैशाचा आहे, जमिनीचा आहे आणि भावाभावांचा आहे. म्हणजे कोर्टाची पायरी चढायला लागतं ते सगळं त्यात आहे. परक्या देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात सुट्टीपुरतं घर घेता येतं का? इंग्लंडच्या पेन्शनरानं स्पेनच्या किनाऱ्यावर घर घ्यावं की नाही, हा तिकडचा नेहमीचा चर्चेचा विषय. आपल्याकडे तोच प्रश्न उलट्या बाजूनं येतो. टेंभुर्णीचा, मोडनिंबचा, उपळाईचा मुलगा शिकून अमेरिकेला गेला, काही वर्षांनी तिथला नागरिक झाला. आता त्याच्या मनात येतं, उजनीच्या पाण्याकाठी दोन एकर घ्यावी, केशर आंब्याची चार झाडं लावावीत, उन्हाळ्यात पोरांना घेऊन यावं. इच्छा चांगलीच आहे. पण कायद्याच्या लेखी तो आता परकीय नागरिक आहे, आणि ती दोन एकर त्याला विकत घेता येत नाही. खिशात डॉलर कितीही असोत.

यात आपलंच सरकार कठोर आहे असं समजू नका. डेन्मार्क युरोपीय संघात आहे, तरी किनाऱ्यावरची उन्हाळी घरं शेजारचे जर्मन उचलतील या भीतीनं त्या देशानं १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारालाच त्यासाठी एक खास पुरवणी जोडून घेतली. स्वित्झर्लंडमध्ये परक्यांच्या सुट्टीच्या घरांना कोटा आहे. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये बहुतेक परक्यांना जुनी घरं घ्यायला मनाई केली, कॅनडानं २०२३ पासून काही वर्षांसाठी तसंच केलं. मेक्सिकोत समुद्रापासून ५० किलोमीटरच्या आत परक्याला घर हवं असेल, तर ते बँकेच्या विश्वस्त निधीमार्फतच घ्यावं लागतं. ज्या त्या देशाला आपली जमीन लाडकी.

आणि आपण तर या बाबतीत पोळलेले आहोत. सुट्टीसाठी जमीन घेणारा परदेशी माणूस महाराष्ट्रानं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात पाहिला तो महाबळेश्वरला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला थंड हवेचं ठिकाण हवं होतं. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. महाबळेश्वरचा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव महाराजांना मिळालं. पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. गंमत अशी की, कंपनीच्या मुलखात साध्या युरोपियनाला जमीन धरायची मुभा तेव्हा सर्रास नव्हती. कंपनीला स्वतःच्याच माणसांची भीती होती. हे खेड्यापाड्यांत जमिनी घेऊन बसले तर रयत बिथरेल आणि आपला व्यापार बसेल, असं तिला वाटे. ती आडकाठी बऱ्याच अंशी उठली १८३३ च्या सनदी कायद्यानं. पुढे गोऱ्यांच्या निळीच्या मळ्यांत रयतेचं काय झालं, ते बंगालला विचारा. तेव्हा शेतजमीन परक्याच्या हाती जाऊ नये ही आपल्या कायद्याची जिद्द मला मुळात पटते.

आता आजचा कायदा. परकीय चलनाचा १९७३ चा कायदा, फेरा, गेला आणि १ जून २००० पासून त्याच्या जागी फेमा आला. फेराच्या काळात परकीय नागरिकाला इथली स्थावर मालमत्ता घ्यायला किंवा द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. ती न घेता त्या काळी केलेलं बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयानं थेट २०२१ मध्ये बेकायदा ठरवलं. इतक्या वर्षांनी! म्हणून सांगतो, परक्या पासपोर्टवाल्या नातेवाइकाचा जुना दस्त घरात असेल, तर तो एकदा वकिलाला दाखवा.

फेमात माणसांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला अनिवासी भारतीय, म्हणजे पासपोर्ट आपला पण मुक्काम दुबईला किंवा लंडनला. दुसरा ओसीआय कार्डवाला, म्हणजे मूळचा आपला पण पासपोर्ट परका. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेनं परकं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. ओसीआय कार्डाला लोक कौतुकानं नागरिकत्व म्हणतात, पण तो दीर्घ मुदतीचा परवाना आहे, मतदान नाही. तिसरा गट भारतीय वंशाचा नसलेला आणि इथं न राहणारा परदेशी. त्याला सुट्टीचं घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंत भाड्यानं राहावं. गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटक व्हिसावर आलेल्या काही लोकांनी घरं घेतली आणि पुढे चौकशा लागल्या, त्या याच कारणानं.

पहिल्या दोन गटांना पुण्यात फ्लॅट, सोलापुरात दुकान, कुर्डुवाडीत बिगरशेती प्लॉट, काहीही घेता येतं. पैसे मात्र बँकेतूनच आले पाहिजेत. परकी नोट हातात घेऊन खरेदीखत होत नाही. मनाई तीन गोष्टींना आहे: शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस. इथं एक गैरसमज काढून टाकू. दुबईतल्या मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे, नावावर वडिलार्जित सातबारा आहे, म्हणजे तो शेतकरीच, असं आपण म्हणतो. आपल्या कुळकायद्याच्या कलम ६३ पुरतं ते बरोबर असेल. पण फेमा पासपोर्टाबरोबर मुक्कामही बघतो. अनिवासी असताना नवी शेती घेता येत नाही. कायमचा परत आला की घेईल.

वारसानं आलेली शेती मात्र त्याचीच. आजोबांचा हिस्सा अमेरिकन नातवाच्या नावावर लागतो. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, बक्षीस द्यायची तरी त्यालाच. अमेरिकेतल्या भावानं कॅनडातल्या भावाला शेत देणं जमत नाही.

मग आपली माणसं वाट काढतात. मुलगा वडिलांना पैसे पाठवतो, वडील शेत घेतात. मुलानं बापाला पैसे दिले यात काही वावगं नाही. पण ते शेत आता वडिलांचं झालं! उद्या वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई, भाऊ, बहिणी, सगळ्यांचा सारखा वाटा. बहिणी वारस होत्याच, २००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच हक्क दिला. ज्यानं ५० लाख पाठवले त्याला एक तुकडा मिळतो, आणि तो म्हणतो, मला फसवलं. फसवलं कुणी नाही. त्यानंच वडिलांना जमीन घेऊन दिली होती. दुसरी वाट याहून वाईट. मित्राच्या किंवा चुलत मेव्हण्याच्या नावावर शेत, आणि आत एक खासगी कागद की खरा मालक मीच. याला बेनामी म्हणतात. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मिळकत जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षं कैद आहे. वर तो आतला कागद कोर्टात दाखवायचीही सोय नाही, कारण दाखवला तर आपणच गुन्हा कबूल केला. फेमातही दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो.

तिसरा सापळा रस्त्याकडेच्या फलकावर असतो: निसर्गरम्य फार्महाऊस प्लॉट, फक्त अमुक गुंठे. सातबाऱ्यावर ती शेतीच असते. तुकडेबंदी आडवी येते, आणि परदेशातल्या माणसाला तर फेमासुद्धा. आपल्या भागात आणखी एक पेच आहे. उजनीचं धरण आपल्या माढा तालुक्याच्या हद्दीत आहे आणि त्यानं उठवलेल्या लोकांना दिलेल्या पुनर्वसनाच्या जमिनी आजूबाजूला आहेत. अशी जमीन विकत घेण्याआधी भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते उताऱ्यावर बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका.

गोव्यातलं उदाहरण आपल्याला धडा देणारं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. हजारो घरांनी ते घेतलं, त्या पासपोर्टवर मुलं इंग्लंडला पोचली. मागं राहिली कुलूपबंद घरं. नावं पणजोबांची, वारस तीन देशांत, सहीला कुणी नाही. घर हातून गेलं नाही, पण विकता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

शेतीतले हे सगळे पेच बघून मी परदेशातल्या मुलांना सांगतो, शेताचा नाद सोडा, गावठाणातलं घर बघा. गावठाण म्हणजे शेती नव्हे. तिथलं घर ओसीआयवाल्याला रीतसर विकत घेता येतं. आजोबांचं धाब्याचं घर असेल तर विकत घ्यायचंही कारण नाही. भिंती नीट करा, छत बदला, न्हाणीघर आत घ्या. अमेरिकन सूनबाईंनाही तिथं जागा आहे: लग्न नोंदलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर नवरा-बायकोला मिळून एक मिळकत घेता येते. शेतातला बंगला वर्षाचे अकरा महिने बंद राहतो आणि रखवालदार मालक होऊन बसतो. गावठाणातल्या घराला शेजार असतो. माढ्यानं तर पंढरीच्या विठ्ठलाला संकटकाळी आसरा दिला असं सांगतात, संशोधक रा. चिं. ढेरे यांनी मूळ मूर्ती ती माढ्याचीच असं मांडलं. वाद आहे, असू द्या. पण या गावाला मुक्कामाला आलेल्याला सांभाळण्याची सवय जुनी आहे.

गोव्यातल्या घरांसारखी गत होऊ नये, म्हणून घरच्या मंडळींना शेवटी एक विनंती. मुलगा नागरिकत्वाची शपथ घेणार असेल, तर त्याआधीच्या भेटीत त्याला तलाठ्याकडे आणि सिटी सर्व्हेला घेऊन जा. वारस नोंद कायद्यानं तीन महिन्यांत कळवायची असते, आपण तीस वर्षं कळवत नाही. हिस्से कोणाचे ते लिहून ठेवा, वडिलांचं मृत्युपत्र करून घ्या. तो गेल्यावर मुखत्यारपत्र पाठवणार असेल, तर ते तिथल्या आपल्या वकिलातीत साक्षांकित करून घ्यायला सांगा, आणि इथं आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. सोमवारी तलाठी कार्यालय उघडेल. ज्यांचे आजोबा अजून सातबाऱ्यावर जिवंत आहेत, त्यांनी आधी तिकडे जावं.