ऐकू येणं आणि ऐकणं



कोणी एसटीत बसून ऐकत असेल, कोणी कापूस वेचताना कानात इअरफोन घालून, तर कोणी पुण्याच्या एखाद्या कंपनीत नाइट शिफ्ट संपवून रूमवर पडल्या पडल्या. जिथे असाल तिथे तुमचं स्वागत आहे. आजचा भाग पंधरा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ बाकीची नोटिफिकेशन्स बंद ठेवता आली तर बघा.

तरुण संघात एक प्रश्न नेहमी येतो, "देव बोलतो असं सगळे म्हणतात. मग मला का ऐकू येत नाही? मी प्रार्थना करतो, उपवास करतो, उपासना चुकवत नाही. तरी काहीच ऐकू येत नाही." प्रश्न खरा आहे, आणि विचारणारी मुलं मनापासून विचारतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

सुरुवात आपल्या भाषेपासून करतो. आई शेजारच्या काकूंना सांगते, "आमचा पोरगा अजिबात ऐकत नाही हो." म्हणजे काय, पोरगा बहिरा आहे का? त्याचे कान चांगले ठणठणीत आहेत. आई काय म्हणाली ते त्याला शब्दन् शब्द ऐकू गेलंय. तो तसं वागत नाही, एवढंच. मराठीत ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ज्या इब्री भाषेत जुना करार लिहिला गेला, तिच्यातही असंच आहे. तिथला 'शमा' हा शब्द कानाने ऐकण्यालाही वापरतात आणि सांगितलेलं पाळण्यालाही. त्यामुळे "मला देवाचं ऐकू येत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा आधी स्वतःला विचारायला हवं, की जे आधीच ऐकू आलंय ते मी ऐकलंय का?

आता शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाकडे या. गोष्ट तुम्हाला संडे स्कूलपासून माहीत आहे, पण आज ती जरा हळू वाचू.

ठिकाण आहे शिलो. शमुवेल लहान मुलगा आहे, एली याजकाच्या हाताखाली राहतो, मंदिरातली कामं करतो. एली म्हातारा झालाय, डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्या दिवसांत देवाचं वचन क्वचितच येत असे, असं शास्त्र सांगतं. दिवा अजून विझलेला नाही, मुलगा मंदिरात झोपलाय, आणि हाक येते. तो उठून पळत एलीकडे जातो, "मला बोलावलंत का?" एली म्हणतो, "नाही रे, जा, झोप." असं तीनदा होतं. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं की या मुलाला देव हाक मारतोय. मग तो त्याला उत्तर कसं द्यायचं ते शिकवतो.

पहिली गोष्ट ही बघा, की मंदिरात झोपणाऱ्या मुलालाही आवाज ओळखता आला नाही. म्हणजे तुम्हाला लगेच कळत नसेल तर त्यात तुमच्या विश्वासाची कमतरता आहे असं समजू नका. शमुवेलाला ओळखायला मदत लागली आणि ती मदत एका म्हाताऱ्या, चुकलेल्या, डोळे गेलेल्या माणसाने केली. आपल्या मंडळीतही अशी माणसं असतात. ती रील बनवत नाहीत. मागच्या बाकावर बसतात, थरथरत्या आवाजात गातात. त्यांच्याजवळ जाऊन बसा. देवाचं ऐकण्याचं काम फक्त एकट्याने, खोलीचं दार लावूनच करायचं असतं असं नाही.

हे मी जोर देऊन सांगतोय, कारण हल्ली "मला देवानं सांगितलं" हे वाक्य फार स्वस्त झालंय. नोकरी सोडायची, देवानं सांगितलं. घरच्यांशी बोलणं तोडायचं, देवानं सांगितलं. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे गोळ्या बंद करायच्या, देवानं सांगितलं. मित्रांनो, टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि माणूस कोर्स अर्धवट सोडतो. मग आजार परत येतो, आणि तेव्हा तीच औषधं लागू पडतील याची खात्री नसते. लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटाच्या त्रासावर त्या काळचा उपाय करायला सांगितला, फक्त प्रार्थना कर असं सांगितलं नाही. जालन्याचं मिशन हॉस्पिटल प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच उभं केलं. प्रार्थना करा, आणि गोळी वेळेवर घ्या. जो आवाज तुम्हाला कोणालाही काही विचारू देत नाही, त्या आवाजाबद्दल शंका घ्या.

दुसरी गोष्ट. त्या रात्री शमुवेलाला काय ऐकू आलं? आपल्याला वाटतं देव बोलला म्हणजे आशीर्वादच सांगणार: तुझी भरभराट होईल, व्हिसा मिळेल, भरतीत नंबर लागेल. शमुवेलाला मिळालेलं वचन तसं नव्हतं. ज्या एलीने त्याला वाढवलं, त्याच्याच घराण्याविषयीचा तो न्याय होता. एलीची मुलं अर्पण घेऊन येणाऱ्या लोकांकडून जबरदस्तीने मांस काढून घेत, मंदिरात वाईट वागत. बापाला माहीत होतं. तो त्यांना बोलला, पण आवरलं नाही. एवढं जड वचन एका पोराच्या कानावर पडलं.

आणि मग सकाळ झाली. इथे शास्त्रात एक छोटासा तपशील आहे, तो माझ्या फार आवडीचा आहे. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठला आणि त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. रोजचं काम. ज्याच्याशी रात्री साक्षात देव बोलला, तो मुलगा सकाळी उठून दारं उघडतोय. "मला दर्शन झालंय, आता झाडलोट दुसऱ्या कोणाला सांगा," असं तो म्हणाला नाही. तो घाबरलेला होता, एलीला सांगायची हिंमत होत नव्हती. पण एलीने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही.

ऐकणं म्हणजे हे. रात्री हाक आली, तोवर ते फक्त ऐकू येणं होतं. सकाळी दारं उघडली आणि खरं बोलला, तेव्हा ते ऐकणं झालं.

आता आपल्याच जिल्ह्यात या. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती का आहे, तुम्हाला माहीत आहे? नारायण शेषाद्री नावाचे एक ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टात खटला झाला आणि त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. घर तुटलं, समाज तुटला. १८५४ साली ते दीक्षित पाळक झाले. मुंबईत राहिले असते तर मान होता, शिक्षण होतं, सोय होती. पण १८६०च्या दशकात ते तेव्हाच्या निजामाच्या राज्यातल्या जालन्याला आले. हैदराबाद सरकारकडून जमीन मिळाली आणि तिथे त्यांनी गाव वसवलं. तिथे राहायला आलेले बरेचसे विश्वासी गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांतले होते, मुख्यतः मातंग आणि महार. तिथे शेती होती, शाळा होती, उपासनेचं घर होतं. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलले. आणि त्यानंतरही त्यांचं नाव जालन्याशीच जोडलेलं राहिलं.

बेथेल म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब भावाला फसवून पळतोय, रात्री उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपलाय, आणि तिथे त्याला कळतं की देव याही जागी आहे आणि आपल्याला ते माहीतच नव्हतं. विचार करा, ज्या माणसांना कुठल्याच मंदिराच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, त्यांच्या गावाला नाव मिळालं देवाचं घर. एका माणसाला तरुणपणी हाक ऐकू आली असेल, पण ती त्याने ऐकली हे आपल्याला कशावरून कळतं? १८९१ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंतच्या त्या सगळ्या वर्षांवरून. पाण्याच्या, पेरणीच्या, शाळेच्या, भांडणं मिटवण्याच्या वर्षांवरून.

आता तुमचं आणि माझं. आपल्यातले बरेच जण नवीन वचनाची वाट बघत असतात, पण जुनं पेंडिंग असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लू टिक पडते, वाचलं, पण उत्तर नाही. देवाच्या वचनावर आपल्या अशा कितीतरी ब्लू टिक आहेत. एकच उदाहरण घेतो. आपल्याकडे दोन भावांत बांधावरून वाद होतो. हातभर जमिनीसाठी दहा दहा वर्षं बोलणं नाही, चुलत भावंडं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. आणि दोन्ही घरं रविवारी एकाच मंडळीत, वेगवेगळ्या बाजूला बसतात. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितलंय की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. यासाठी आणखी कुठलं दर्शन पाहिजे? इथे आवाज स्पष्ट आहे. अवघड आहे ती सकाळ.

तुम्ही वयाने लहान असाल, तर बांधाचा निकाल तुमच्या हातात नाही. पण चुलत भावाला फोन करणं तुमच्या हातात आहे. काकांना रस्त्यात बघून मान फिरवायची की "सलाम काका" म्हणायचं, हेही तुमच्या हातात आहे. घरचे कदाचित रागावतील. शमुवेलही घाबरला होता.

या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी. एक, रोज दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि १ शमुवेल ३ वाचा, सातही दिवस तोच अध्याय. दोन, एक गोष्ट वहीत लिहा, जी देवाला तुमच्याकडून हवी आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. एकच. तीन, ती गोष्ट मंडळीतल्या एका मोठ्या, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि रविवारच्या आत करा. नवीन काही ऐकू आलं नाही तरी चालेल.

चला, जिथे आहात तिथेच, गाडी चालवत असाल तर डोळे उघडे ठेवून, प्रार्थना करू.

हे प्रभू, तू बोलतोस याबद्दल तुझे आभार. आम्हाला कान दिलेस, आता पायही दे. ज्याच्याकडे जायचं टाळतोय त्याच्याकडे जायचं बळ दे. जे आजारी आहेत त्यांना बरं कर, त्यांच्या डॉक्टरांना शहाणपण दे. आमच्या मंठ्याला, जालन्याला, बाहेरगावी कामाला गेलेल्या प्रत्येक लेकराला सांभाळ. येशूच्या नावात मागतो. आमेन.

हा भाग कोणाला पाठवावासा वाटला तर जरूर पाठवा. पण आधी तो फोन करा. भेटू पुढच्या भागात. सलाम.