पोपट झाला तर हसून सोडावं

वरातीत आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ लागलं की म्हातारीचेही पाय हलतात. वडील प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी घराघरांत नेली. या लेकाने कॅसेटच्या काळात गमतीची गाणी गाजवली.

फजितीवर हसणं आपल्याला नवं नाही. गोदावरीपल्याडच्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी 400 वर्षांपूर्वी भारुडात सासुरवाशीण उभी केली. ती भवानीला नवस बोलते, तो सासरची माणसं टळावीत म्हणून! आजही ऐकणारे पोट धरून हसतात.

गटाचे हप्ते गोळा झाले की आम्हीही असली गाणी म्हणतो. पण आमचं एक सांगणं आहे. प्रेमात पोपट झालेला पोरगा हसला, तर गोष्ट तिथंच मिटते. तो चिडून मुलीच्या एसटीमागं गाडी फिरवू लागला, की घरचे तिचीच शाळा बंद करतात. ऊसतोडीला जाताना तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून अठराच्या आतच लग्न उरकतात. चूक पोराची, शिक्षा पोरीला.

म्हणून पोरांना घरातच सांगू, ‘नाही’ म्हणजे नाही. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे गुन्हा आहे. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098, हे नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, पोरांनाही बसवा. अन् वरातीत गाणं लागलं, तर खुशाल नाचा!