रेडिओने घरात आणलेली मैफल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आवडीच्या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी काही गाण्यातली जाणकार नव्हे, शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण शास्त्रीय गाणे, नाटक आणि कविता या तिन्हींशी माझी ओळख रेडिओने करून दिली. आपल्यापैकी पुष्कळजणींचे असेच असेल. म्हणून त्याविषयी चार शब्द बोलते.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. त्या काळी मैफल म्हणजे रात्रीचे जागरण, आणि तेही बहुधा पुरुषांचे. पनवेलच्या बाईला तर मुंबईचे गाणे फारच लांब. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला, हार्बरची लोकल आपल्याकडे १९९८ साली आली. त्यापूर्वी रात्री कार्यक्रम आटोपून परत यायचे कसे? आणि चूल, मुले, म्हातारी माणसे कोणाच्या भरवशावर टाकायची? रेडिओने ती मैफलच उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. हात पिठात असले तरी कान मोकळे असतात, हे रेडिओने ओळखले.

गाण्याचे एक सांगते. आपल्याकडे रागांना वेळ ठरलेली आहे. मारवा, पूरिया धनाश्री हे दिवेलागणीचे राग, यमन त्यानंतरचा. रेडिओवर सकाळी सकाळचा राग आणि संध्याकाळी संध्याकाळचा लागे. त्यामुळे शिकवणी न लावता, देवापाशी दिवा लावता लावता, बायकांच्या कानांना वळण लागले. नाव सांगता येत नसे, पण 'हे सांजवेळचे गाणे' एवढे बरोबर समजे.

नाटकाचे तसेच. १८८३ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत सौभद्र पूर्ण रंगभूमीवर आणले, तेव्हापासून रागदारी आणि नाटक यांचा संसार एकत्रच आहे. रेडिओच्या श्रुतिकेत मात्र पडदा नाही, शालू नाही, रंगरंगोटी नाही. दार वाजले, पावले ऐकू आली, की घर आपण मनाने उभे करायचे. 'पुन्हा प्रपंच'मधली मीनावहिनी नीलम प्रभूंच्या आवाजात ऐकली, की ती शेजारच्या बिऱ्हाडात राहते असेच वाटे.

माझ्या सासूबाईंना गेली काही वर्षे नीट दिसत नाही. टीव्हीपुढे त्या अवघडून बसतात. कोण आले, कोण गेले, हे दर वेळी आम्हांला विचारावे लागते, आणि विचारायचा त्यांना संकोच वाटतो. श्रुतिका लागली की मात्र त्यांना कोणाचे काही विचारावे लागत नाही. उलट त्याच आम्हांला सांगतात, "ही रडते आहे ती खोटी हो!" त्या अर्ध्या तासात घरात सर्वांत जास्त त्यांनाच दिसते, असे मी म्हणते.

आणि कविता? ती तर आपलीच. जात्यावरच्या ओव्या कोणी वाचून म्हटल्या नाहीत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. कानांनी शिकलेली कविता रेडिओने पुन्हा कानांपर्यंत पोहोचवली, हा न्यायच झाला.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या गीतरामायणात. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झाले. आठवड्याला एक अशी वर्षाची ५२ गीते ठरली होती. पण त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ती ५६ झाली! ते लागले की लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. आणि घरातली सगळी माणसे एका ठिकाणी बसत.

हेच आता कमी झाले आहे. गाणे मोबाइलवर केव्हाही मिळते, ही सोय मोठी आहे. मीही तिचा उपयोग करते. पण ज्याचे गाणे त्याच्या कानात, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीला त्याचा पत्ताच नाही, हे काही खरे नव्हे.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाने ऐकण्यासाठी ठेवावी. आधी थोडे शास्त्रीय गाणे, मग एक श्रुतिका, शेवटी आपल्यापैकीच कोणीतरी कविता वाचावी. आकाशवाणी आता मोबाइलवरही ऐकता येते, तेव्हा खर्च चहापुरताच! अट दोनच. कार्यक्रम चालू असताना भाजीचे भाव बोलायचे नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही किंवा जिना उतरवत नाही अशा शेजारणीला प्रत्येकीने हात धरून आणायचे. त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत त्याच बसतील.