अणुयुद्ध आणि राजकीय पुढारी : एका माणसाचं उदाहरण
(वर्धापनदिनानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी गिरणी कामगार. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे सांगणार आहे ते लायब्ररीत बसून वाचलेलं आहे. विषय मोठा, म्हणून मी एकाच माणसाचं उदाहरण घेतो : अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन. याच माणसाने अणुयुद्धाचा धोका वाढवला आणि यानेच पुढे तो कमी केला. माणूस तोच, खुर्ची तीच. मधल्या काळात काय घडलं ते आपण पाहू.

एकट्या रेगनना दोष देता येणार नाही. त्यांच्या आधी, १९७६ पासून, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी पश्चिम युरोपवर रोखलेली एसएस-२० क्षेपणास्त्रं बसवायला सुरुवात केली होती. उत्तर म्हणून १९७९ मध्ये नाटोने ठरवलं, आम्हीही पर्शिंग आणि क्रूझ बसवणार. पश्चिम जर्मनीतून सुटलेलं पर्शिंग काही मिनिटांत सोव्हिएत हद्दीत पडणार. म्हणजे निर्णय घेणाऱ्याला विचार करायलाही वेळ नाही.

अशा वेळी पुढाऱ्याने तोंड सांभाळून बोलावं की नाही? ८ मार्च १९८३ च्या भाषणात रेगननी सोव्हिएत युनियनला 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं. पंधरा दिवसांनी जाहीर केलं की शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच पाडणारी ढाल आम्ही तयार करणार. आता ढाल म्हणजे बचाव, त्यात वाईट काय? पण मॉस्कोत बसून बघा. ज्याच्या एका हातात तलवार आहे त्याने दुसऱ्या हातात ढाल घेतली, तर तो आधी वार करायची तयारी करतोय, असंच वाटणार. तेव्हा तिथे आंद्रोपॉव्ह होते. आजारी माणूस, आयुष्याची पंधरा वर्षं गुप्तहेर खात्याचे प्रमुख. अमेरिका अचानक हल्ला करील या भयाने १९८१ पासूनच त्यांचे हेर खुणा शोधत होते. लंडनच्या संरक्षण खात्यात रात्री किती खिडक्यांत दिवे जळतात, हेसुद्धा मोजायला सांगितलेलं होतं!

त्या वर्षाचा शेवट फार वाईट गेला. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत यंत्राने दाखवलं, अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटली. ड्युटीवर लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह होते. खरंच युद्ध करायचं तर कोणी पाचच कशाला सोडील, असा विचार करून त्यांनी वर 'खोटा इशारा' असं कळवलं. तो खोटाच होता. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश यंत्राने आग समजून घेतला होता. नोव्हेंबरात नाटोने अण्वस्त्र डागण्याची रंगीत तालीम केली, तेव्हा सोव्हिएत लष्कराने पूर्व जर्मनीतली काही विमानं सज्ज ठेवली. युद्ध किती जवळ आलं होतं यावर अभ्यासकांत वाद आहे. मॉस्को घाबरलेलं होतं एवढं नक्की.

हे रेगनना हळूहळू कळलं. नंतर आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की, सोव्हिएत पुढाऱ्यांना आपली खरोखर भीती वाटते हे समजल्यावर आपल्याला आश्चर्य वाटलं. मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तोपर्यंत त्यांना वाटायचं, आम्ही चांगले, आम्हाला कोण भिणार? युनियनच्या कामात मीही हेच पाहिलंय. मालकाला आपल्या संपाची भीती वाटते हे कामगाराला उशिरा उमगतं, आणि मालकाला तर कामगाराची भीती दिसतच नाही.

जानेवारी १९८४ पासून रेगनची भाषा बदलली. एकदम नाही हं! त्याच ऑगस्टमध्ये माइकची चाचणी करताना, 'पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू करतोय' असा विनोद त्यांनी केलाच. मागे लोकांचा रेटाही होता. १२ जून १९८२ ला न्यूयॉर्कमध्ये दहा लाख माणसं अण्वस्त्रांविरुद्ध जमली होती. इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळाबाहेर बायाबापड्या वर्षानुवर्षं तंबू टाकून बसल्या.

मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह आले. ऑगस्टपासून त्यांनी समोरच्याची वाट न बघता अणुचाचण्या थांबवल्या. नोव्हेंबरात जिनिव्हाला दोघांनी लिहून दिलं की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढता कामा नये. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आइसलँडला रेक्याविक इथे दोघे सगळीच अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या गोष्टीपर्यंत पोचले. आणि त्या ढालीवर अडलं! गोर्बाचेव्ह म्हणाले, प्रयोग प्रयोगशाळेतच ठेवा. रेगन म्हणाले, नाही. दोघे पडलेल्या चेहऱ्याने बाहेर पडले. इथे दुसरा कोणी असता तर घरी जाऊन शिव्या देत बसला असता. गोर्बाचेव्हनी फेब्रुवारी १९८७ मध्ये ढालीचा मुद्दा बाजूला ठेवला आणि मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपुरता वेगळा करार करायची तयारी दाखवली. सगळं मिळत नाही तर निदान एवढं तरी घेऊ.

८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. १९९१ पर्यंत दोन्हीकडची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. तपासणी कशी, तर अमेरिकेची माणसं सोव्हिएत युनियनमधल्या वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या गेटवर, आणि सोव्हिएत माणसं अमेरिकेत युटामधल्या कारखान्याच्या गेटवर. आपल्याला गेटवरची झडती ठाऊक आहे. इथे ती दोन महासत्तांनी एकमेकांची घेतली, आणि राजीखुशीने.

१९८८ मध्ये रेगन मॉस्कोला गेले. पत्रकाराने विचारलं, अजून हे दुष्ट साम्राज्य वाटतं का? ते म्हणाले, नाही, ती वेगळ्या काळातली गोष्ट होती.

तो करार २०१९ मध्ये मोडला. अमेरिका म्हणाली रशियाने तोडला, रशिया म्हणाला अमेरिकेने. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाचांनी जिनिव्हाचं तेच वाक्य पुन्हा जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि तिसऱ्या दिवसानंतर पुतिन यांनी आपलं अण्वस्त्र दल विशेष सज्ज ठेवण्याचा हुकूम टीव्हीवरून दिला.